नाशिकचं ‘नाशकि’ कसं झालं?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयातले आठ संगणक मी आणि दोन मित्रांनी मिळून लिनक्सवर आणले. कारण तुम्हाला माहीत असेलच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, चार जीबी रॅम लागते. आमची मशीनं कुणी ना कुणी देणगी दिलेली, बहुतेक दोन-दोन जीबीची. भंगारवाल्याला द्यायची नसतील तर लिनक्स हाच रस्ता होता.

लिनक्स टाकणं हल्ली अवघड नाही. अडतं ते पुढे. त्यात ‘विंडो मॅनेजर’ कुठला घ्यायचा ते आपण ठरवायचं असतं, आणि पर्याय डझनांनी आहेत. मी तिथे जो विचार केला तो माझ्यासारखे सगळेच करतात: रॅम कमी आहे, तर सगळ्यात हलका घ्या. घेतला. मशीनं पळायला लागली. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या आणि मिसळ खायला गेलो.

तिसऱ्या दिवशी वाचनालयातल्या मावशींनी हाक मारली. त्या पुस्तकं लावतात, नोंदी ठेवतात, आणि एकही अक्षर वाचल्याशिवाय सोडत नाहीत. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “दादा, हे नाशकि कुठलं गाव?”

बघतो तर काय, ‘नाशिक’ नावाचं फोल्डर उघडलेलं होतं. खिडकीच्या आत, फाइलींच्या यादीत, नाशिक अगदी बरोबर. पण त्याच खिडकीच्या डोक्यावरच्या पट्टीत नाव होतं ‘नाशकि’. श ची पहिली वेलांटी शेजारच्या क च्या गळ्यात. पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, अशी आपली आख्यायिका. इथे नाक कापलं नव्हतं, शेजाऱ्याला लावलं होतं.

मग आम्ही गंमत म्हणून जिल्ह्यातल्या पंधराही तालुक्यांची फोल्डरं केली आणि एकेक उघडून पाहिली. मनमाडचा नांदगाव सुखरूप. येवला, मालेगाव, चांदवड, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा, बागलाण, इगतपुरी, सगळे ठीक. मोडले ते पाच. नाशिक तर गेलंच. निफाडची वेलांटी फ वर, दिंडोरीची ड वर, सिन्नरची न वर आणि शिवाय न चा पाय मोडलेला. सगळ्यात वाईट अवस्था त्र्यंबकेश्वराची. तिथे ‘त्‌र्‌यंबकेश्‌वर’ असं काहीतरी, एखाद्याने दातात सुपारी धरून म्हटल्यासारखं.

प्रश्न असा पडला की एकाच मशीनवर, एकाच फाँटमध्ये, एकाच खिडकीत, आत मराठी बरोबर आणि वर चूक, हे होतं कसं? याचं उत्तर शोधताना मी चाळीस-एक वर्षं मागे गेलो. त्या वाटेवर पुणं लागलं, जुहू लागलं, आणि माझ्याच कॉलेजच्या दिवसांतला एक मूर्खपणाही लागला. म्हणून ही पोस्ट.

आधी विंडो मॅनेजर म्हणजे काय ते सांगतो. सोसायटीतला फ्लॅट तुमचा असतो. आतला रंग, पडदे, देवघर, सगळं तुमच्या मर्जीने. पण खाली गेटजवळच्या फलकावर तुमचं नाव सोसायटीचा पेंटर लिहितो. तुम्ही आत कितीही सुंदर अक्षरात लिहा, पेंटरला ‘कुलकर्णी’ लिहिता आलं नाही तर खाली चुकीचंच दिसणार. लिनक्सवर खिडकीच्या आतलं काम त्या त्या प्रोग्रॅमचं. खिडकीची चौकट, वरची शीर्षकपट्टी, बंद करायची फुली, खिडकी कुठे ठेवायची, कुठली पुढे आणायची, हे काम विंडो मॅनेजरचं. दोघं वेगळे प्रोग्रॅम, दोघांचे लेखकही वेगळे. आमचा पेंटर काटकसरी होता, पण त्याला वेलांटी येत नव्हती.

आता ही फारकत मुळात कुणी केली? विंडोज वापरणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण तिथे घर आणि फलक एकाच कंपनीचे. लिनक्सने ही वाटणी युनिक्सकडून घेतली. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स विंडो सिस्टिम’ सुरू केली. तिथे प्रोजेक्ट अथेना नावाचा मोठा शैक्षणिक प्रकल्प चालू होता, वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं होती, आणि सगळ्यांवर चालेल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी ठरवलं की एक्स फक्त साधनं देईल, धोरण ठरवणार नाही. पडद्यावर चौकोन कसा काढायचा ते एक्स सांगेल. खिडक्या एकमेकींवर चढाव्यात की शेजारी शेजारी मांडाव्यात, पट्टी निळी असावी की करडी, हे ठरवणारा दुसरा कुणीतरी असेल. सप्टेंबर १९८७ मध्ये एक्स११ आलं आणि तोच पाया पुढे तीसेक वर्षं टिकला.

त्या काळात हा प्रश्न सुटलेला नव्हता, हे लक्षात घ्या. झेरॉक्सचा १९८१ चा ‘स्टार’ संगणक खिडक्या फरशीसारख्या शेजारी शेजारी मांडायचा. विंडोजची पहिली आवृत्ती, नोव्हेंबर १९८५ ची, तीही तशीच. एकावर एक चढणाऱ्या खिडक्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आल्या आणि १९८८ मध्ये अ‍ॅपलने खटला भरला. एक्सवाल्यांनी त्या भांडणात पडायचंच नाकारलं. ज्याला जे हवं त्याने ते लिहावं. १९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंजने स्वतःच्या नावाने ‘टीडब्ल्यूएम’ लिहिला. १९९३ मध्ये ‘एफव्हीडब्ल्यूएम’ आला. मग ‘विंडो मेकर’, ‘आइसडब्ल्यूएम’, ‘एनलाइटनमेंट’, कुणी कुणी काय काय लिहिलं.

मला हे धोरण मनापासून आवडतं. पण त्याच्या पोटात एक गोष्ट राहून गेली, आणि ती फक्त आपल्यासारख्यांना दिसते. एक्सच्या मूळ फाँट-व्यवस्थेत एक संकेत म्हणजे एक ठसा. ‘ए’ चा आकडा आला, ‘ए’ चा ठसा उमटवला, पुढे सरकलं. रोमन लिपीचं यात काही बिघडत नाही. मराठीचं बिघडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे १९९१ पासून, ‘नाशिक’ आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवतात: श आधी, वेलांटी नंतर. शोधायला आणि अकारविल्हे लावायला तेच सोयीचं. पण दाखवताना वेलांटी उचलून श च्या आधी ठेवावी लागते. जोडाक्षरात अर्धं अक्षर निवडावं लागतं, रफार पुढे न्यावा लागतो. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘अक्षरजुळणी’ म्हणून एखाद्याचं नाव छापलेलं असतं ना, तेच काम इथे प्रोग्रॅमने करायचं असतं. ही जुळणी केली नाही, नुसते ठसे ओळीने उमटवले, की नाशिकचं नाशकि होतं. मावशींनी जे पाहिलं ते एवढंच. आमच्या हलक्या विंडो मॅनेजरला जुळणी ठाऊक नव्हती. तो ठसे मारत होता.

(डीटीपीवाले मित्र म्हणतील, आमच्याकडे तर हे कधी झालं नाही. बरोबर. टाइपरायटरच्या पद्धतीच्या जुन्या फाँटांत तुम्ही वेलांटी आधीच टाइप करायचात, जुळणी तुमची बोटं करायची. म्हणूनच ते मजकूर आज युनिकोडमध्ये आणताना नाकी नऊ येतात. तो वेगळा विषय.)

मग जुळणी करायची कुणी? खरा इतिहास या प्रश्नाभोवती आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

पहिलं उत्तर होतं जिस्ट कार्ड. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांवर काम झालं, मोहन तांबे हे त्यातलं मोठं नाव. ते काम पुढे पुण्यात सी-डॅककडे आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. जिस्ट हे संगणकात खोचायचं कार्ड होतं. जुळणी त्या कार्डात व्हायची. त्यामुळे डॉसवर चालणारा एखादा साधा प्रोग्रॅम, ज्याच्या लेखकाने देवनागरीचं नावही ऐकलेलं नाही, तोही मराठी दाखवू शकायचा. सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या लोकांना ती कार्डं आठवत असतील. उपमाच द्यायची तर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीतच औषध टाकलं, मग प्रत्येक नळाला शुद्ध पाणी.

दुसरं उत्तर मुंबईत शोधलं गेलं. जुहूला एनसीएसटी नावाची संस्था होती, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, जी २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे २००० सालाच्या आसपास ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प झाला. कल्पना जिस्टचीच होती, पण कार्डाशिवाय: लिनक्सवर एक्सच्या पातळीवरच भारतीय लिप्यांची सोय करायची, म्हणजे वरचा कुठलाही प्रोग्रॅम, कुठलाही विंडो मॅनेजर, काही न बदलता मराठी दाखवेल. औषध टाकीतच.

हे उत्तर टिकलं नाही. एक्समध्ये केलेले असे बदल जगभरच्या मूळ प्रकल्पाने स्वीकारले तरच जगतात, नाहीतर प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा सगळं जोडत बसावं लागतं. आणि त्याच सुमारास जगाचा ओघ उलट दिशेला चालला होता. एक्सचे लोकच म्हणू लागले होते की फाँटची कामं एक्समधून बाहेर काढा, प्रोग्रॅमांनाच करू द्या. कीथ पॅकार्डने त्यासाठी ‘एक्सएफटी’ लिहिलं, अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या, सगळे खूश. पण एक्सएफटी अक्षरं छान काढतं, जुळणी करत नाही. नाशकि आता गुळगुळीत दिसू लागलं, एवढाच फरक.

तिसरं उत्तर आलं ‘पांगो’. ग्रीक ‘पान’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा. रेड हॅटच्या ओवेन टेलरचं हे काम. मार्च २००२ मध्ये जीटीके २.० आलं, त्यात पांगो अंगभूत होतं, आणि जूनमध्ये त्यावर उभं राहिलेलं ग्नोम २.० आलं. केडीईवाल्यांच्या क्यूटीने स्वतःची वेगळी जुळणी लिहिली. पुढे या सगळ्यांच्या खाली ‘हार्फबझ’ आलं, बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या माणसाचं. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर, आणि ‘हर्फ बाज’ म्हणजे मोकळा टाइप. आज तुमच्या अँड्रॉइड फोनवर हे वाक्य जुळतंय ते त्याच्याच जोरावर.

पांगो उत्तम आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण बघा काय झालं. औषध आता टाकीत नाही, प्रत्येक नळाला वेगळा फिल्टर बसवायचा. ज्याने बसवला त्याच्याकडे मराठी चालणार, ज्याने नाही बसवला त्याच्याकडे नाही. फाइलींची यादी दाखवणारा प्रोग्रॅम जीटीकेवर लिहिलेला, म्हणून आत नाशिक. विंडो मॅनेजर कमीत कमी सामानात लिहिलेला, म्हणून वर नाशकि. जुळणी कार्डातून एक्सच्या पातळीवर आली, तिथून प्रोग्रॅमांत गेली, आणि या चढणीत शीर्षकपट्टी नावाची एक फट राहिली. त्या दिवसापासून विंडो मॅनेजर निवडणं ही आपल्यासाठी आवडीनिवडीची गोष्ट उरली नाही. इंग्रजीत काम करणाऱ्याला ती अजूनही आवडच आहे.

याच काळातला माझा मूर्खपणा आता सांगतो. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. घरी डायल-अप, म्हणून लिनक्स मिळायचं ते ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबरच्या सीडीवर. ग्नोममध्ये त्या दिवसांत मोठी खडाजंगी चालू होती. ग्नोम १ च्या काळात लोक ‘एनलाइटनमेंट’ वापरत, मग ‘सॉफिश’ आला, त्यात वाटेल ते बदलता यायचं. आणि मग हॅव्हॉक पेनिंग्टनने ‘मेटासिटी’ लिहिला आणि तो ग्नोमचा ठरलेला विंडो मॅनेजर झाला. त्याने स्वतःच त्याची ओळख करून देताना म्हटलं होतं की हा कंटाळवाणा विंडो मॅनेजर आहे, मोठ्या माणसांसाठी. बाकीचे रंगीबेरंगी गोड शेवयांसारखे असतील, तर हा साधं ओटचं न्याहारीचं धान्य. आमच्या भाषेत, बाकीचे जिलेबी आणि हा गुरगुट्या भात.

आम्ही मुलांनी मेटासिटीला शिव्या घातल्या. काढूनच टाकला. माझ्या पडद्यावर काळ्याभोर पट्ट्या होत्या, पारदर्शक खिडक्या होत्या, हॉस्टेलवरची मुलं बघायला यायची. त्या तीन-चार वर्षांत मी त्या मशीनवर मराठीतला एकही शब्द टाइप केला नाही. केला असता तर तेव्हाच कळलं असतं की गुरगुट्या भाताला पांगो होतं, त्याच्या पट्टीत नाशिक नाशिकच दिसलं असतं, आणि माझ्या जिलेबीत दिसलं नसतं. वर त्याच दिवसांत फायरफॉक्स वेगाने चालावा म्हणून पांगो बंद करायची एक ओळ सगळे एकमेकांना सांगायचे. मीही चारजणांना सांगितली. ती ओळ टाकली की मराठी पानांचा चुराडा व्हायचा, पण मराठी पानं उघडत कोण होतं?

उघडणारे होते. आम्हाला दिसत नव्हते, इतकंच. वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी मुंबईतून ‘इंडलिनक्स’ची चळवळ सुरू केली होती, जी. करुणाकर त्यात पडले होते. सी-डॅक मुंबईत ‘जनभारती’च्या नावाने मुक्त सॉफ्टवेअर भारतीय भाषांत आणायचं काम झालं. पुण्यात रेड हॅटच्या कचेरीत मराठीसह अनेक भारतीय भाषांचं भाषांतर बसून झालं. ‘लोहित’ हे फाँट रेड हॅटनेच २००४ पासून मोफत खुले केले, नावातच लाल रंग. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा लिहितात हे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात सांगितलं, पाकळीचा ल आणि देठाचा श. फाँटवाल्या लोकांना ते आधीपासून सतावत होतं. या लोकांनी पट्टीवरच्या तीन बटणांचं मराठी करताना काय डोकं खाजवलं असेल त्याची कल्पना करा. ‘मिनिमाइझ’ला काय म्हणणार? आम्ही मात्र फुलीचा आकार गोल हवा की चौकोनी यावर रात्री घालवत होतो.

सरकारी उत्तरही याच माळेतलं. सी-डॅकने जानेवारी २००७ मध्ये ‘बॉस’ ही देशी ऑपरेटिंग सिस्टिम आणली, डेबियनवर बेतलेली, वर ग्नोम. ‘देशी काय त्यात, डेबियनच तर आहे’ अशी टिंगल झाली आणि मीही केली. आज मी ती टिंगल मागे घेतो. ग्नोम घेतला म्हणजे पांगो असलेला पेंटर घेतला. एखाद्या कार्यालयात कुणी बॉस चालू केलं असेल तर त्याच्या पट्टीवर गावाचं नाव धड दिसलं असेल.

आणि एक उत्तर असं की ज्यात पट्टीच काढून टाकली. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट-धनगरवाडा म्हणून वस्ती आहे. २००७ च्या शेवटी तिथल्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. तो हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप, साडेसात इंचांचा पडदा, २५६ एमबी रॅम, आणि त्यावर ‘शुगर’ नावाचा डेस्कटॉप. शुगरने सुरुवातीला ‘मॅचबॉक्स’ हा विंडो मॅनेजर घेतला होता. नावाप्रमाणे काडेपेटीएवढा. त्यात एका वेळी एकच काम, पूर्ण पडदाभर. ना चौकट, ना पट्टी, ना फुली. पहिलीतल्या मुलाला खिडक्या एकमेकींखाली हरवतात, हे कारण. पुढच्या आवृत्त्यांत तिथेही मेटासिटी आला, कारण शुगरबाहेरचे नेहमीचे प्रोग्रॅम चालवायची गरज पडली. मला तो आधीचा निर्णय फार धीट वाटतो. मुलाला काय हवं यावरून विंडो मॅनेजर निवडला गेला, मशीन लावणाऱ्याच्या हौसेवरून नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं, जुनी मांडणी मोडली, लोक चिडले, त्या रागातून ‘माटे’ आणि ‘सिनॅमन’ जन्माला आले. हलक्या मशीनांसाठी ‘एक्सएफसीई’ होताच, तैवानमधून ‘एलएक्सडीई’ आला. या सगळ्यांचे पेंटर वेलांटी जाणतात. अडचण त्यांच्याही खालच्या थरात आहे, जिथे एकेकटा माणूस हौसेने हजारभर ओळींत विंडो मॅनेजर लिहितो. काहींनी नंतर पांगो घेतलं, ‘आयथ्री’ने घेतलं. ‘डीडब्ल्यूएम’ने एक्सएफटीच ठेवलं, कमी ओळी हाच त्याचा धर्म आहे. त्याला दोष कसा देणार? त्याने मराठीचं वचन कधी दिलंच नव्हतं.

आणि आता एक्सच जायला निघालंय. २००८ मध्ये सुरू झालेलं ‘वेलँड’ त्याची जागा घेतंय; ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटूत ग्नोमला एक्सचं दार उरलेलं नाही. वेलँडमध्ये पट्टी कुणी रंगवायची यावर जुनं भांडण नव्याने चालू आहे. ग्नोम म्हणतो, ज्याची खिडकी त्याने आपली पट्टी स्वतः काढावी. बाकीचे बरेच म्हणतात, नाही, चौकट सगळ्यांची सारखी हवी, ती आम्ही काढू. जगभर ग्नोमला यावरून हटवादी म्हणतात. मराठीच्या बाजूने पाहिलं तर मला त्याचा हट्ट पटतो. जो प्रोग्रॅम आत नाशिक धड लिहितो तोच वर लिहील. फक्त दोन जीबीच्या मशीनवर ग्नोम चालवणं म्हणजे म्हशीला रिक्षात बसवणं आहे.

आता हे सगळं मी इथे, आपल्या गावच्या लोकांपुढे का मांडतोय? कारण विंडोज १० बंद झाल्यावर जिल्ह्यात ठिकठिकाणी, शाळांत, वाचनालयांत, ग्रामपंचायतींत, कुणीतरी माझ्यासारखा हौशी माणूस जुनी मशीनं लिनक्सवर नेतोय किंवा नेणार आहे. तो हलका विंडो मॅनेजर शोधणार, इंग्रजीत तपासणार, सगळं पळतंय बघून मिसळ खायला जाणार. मग तिसरी-चौथीतलं मूल, जे आत्ता कुठे वेलांटी शिकतंय, ते त्या पट्टीवर नाशकि वाचणार. मोठ्या माणसाला चूक कळते. मुलाला ती चूक आहे हे कळत नाही. ते म्हणतं, संगणकात असंच लिहितात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, मीही वाटले. पट्टीवरच्या वेलांटीसाठी कुणी शासन निर्णय काढणार नाही, ती तपासणाऱ्यानेच पाहावी लागेल.

तर जो कुणी हे काम करतोय त्याला विनंती. मशीन ताब्यात द्यायच्या आधी ‘त्र्यंबकेश्वर सिन्नर निफाड दिंडोरी नाशिक’ असं एका ओळीत नाव देऊन एक फोल्डर करा, उघडा, आणि डोक्यावरची पट्टी वाचा. खालची कामांची पट्टीही वाचा, ती वेगळाच प्रोग्रॅम काढतो. एक मिनिट लागतं. आणि शाळा समितीवर, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर जे आहेत त्यांनी संगणकाच्या कामाचं बिल मंजूर करायच्या आधी हे फोल्डर दाखवायला सांगा. लाजू नका. ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ असं तो म्हणाला तर म्हणा, वाचता येतं.

आमच्या वाचनालयात आम्ही सात मशीनांवर एक्सएफसीई घातला. चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेतात, पण मावशींनी पंधराही तालुके स्वतः उघडून पास केले. आठवं मशीन एक जीबीचं आहे, त्यावर ‘ओपनबॉक्स’ ठेवलाय; तोही पांगो वापरतो आणि जेमतेम मावतो.

राहिला तो पहिला हलका विंडो मॅनेजर. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण लिहिणारा माणूस फुकट काम करतो आणि बाकी सगळं चोख लिहिलंय. त्याला मी पत्र पाठवलं, सोबत दोन चित्रं जोडली: एकात नाशकि, दुसऱ्यात नाशिक. चार दिवसांनी फार सभ्य उत्तर आलं. म्हणाला, दोन्ही चित्रं मी मोठी करकरून पाहिली, मला फरक सापडत नाही, कृपया दाखवाल का? मी लाल रंगाने वेलांटीभोवती गोल काढून परत पाठवलंय.